कलिंगड कसें कापावें व कसें वांटावें

कलिंगडाची लागवड, खतें, पाणी, कीड व बाजारभाव यांविषयीं शेतकीच्या मासिकांतून पुष्कळ लिहिलें जातें, व तें योग्यच आहे. परंतु शेतांतून घरीं आलेलें फळ घरांतील माणसांच्या मुखीं कसें जावें, याविषयीं सहसा कोणी लिहीत नाहीं. हें काम क्षुल्लक आहे, बायकांचें आहे, त्यांत शिकण्यासारखें तें काय, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रस्तुत लेखकास तसें वाटत नाहीं. अडीच-तीन महिने राबून पिकविलेलें फळ अखेरच्या अर्ध्या घटकेंत वाईट रीतीनें कापलें गेलें, तर त्याची गोडी एकाच्या वांट्यास व साल दुसऱ्याच्या वांट्यास जाते. आणि मळक्या सुरीनें कापून उघडें ठेविलें, तर तेंच फळ लेंकरांच्या आजारास कारण होतें. म्हणून या विषयाचा थोडा तपशिलानें विचार करण्याचें योजिलें आहे.

फळाचा स्वभाव:— ज्यास कोंकणांत व पश्चिम महाराष्ट्रांत कलिंगड म्हणतात, त्यासच विदर्भ, मराठवाडा व खानदेश या भागांत टरबूज म्हणतात. हें फळ मूळचें आफ्रिका खंडांतील. मिसर देशांतील तुतनखामेन राजाचें थडगें 1922 सालीं उघडण्यांत आलें, त्यांत कलिंगडाच्या बिया सांपडल्या. आणि सुदान देशाच्या कोर्डोफान प्रांतांतील पांढऱ्या गराचें कलिंगड हें आपल्या गोड कलिंगडाचें अगदीं जवळचें आप्त आहे, असें 2021 सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसून आलें. अशा रुक्ष प्रदेशांत वाढलेलें हें फळ म्हणजे निसर्गानें जाड सालींत बंद करून ठेविलेलें पाणीच होय. त्याच्या गराच्या दर शंभर भागांत सुमारें 92 भाग पाणी असतें. बाकीच्यांत मुख्यतः साखर, थोडें क जीवनसत्त्व, आणि टोमॅटोंत असतें तेंच लायकोपीन नांवाचें तांबडें रंगद्रव्य असतें. साल शाबूत आहे तोंपर्यंत हें पाणी निर्मळ राहतें व फळ सांवलींत आठवडाभर सहज टिकतें. साल फुटली कीं तेंच पाणी व तीच साखर जंतूंच्या वाढीस उपयोगी पडते. हा एक मुद्दा ध्यानांत ठेविला म्हणजे पुढील बहुतेक नियमांचें कारण आपोआप समजेल.

फळाची पारख:— आंबा आढींत पिकतो. कलिंगड आढींत पिकत नाहीं. वेलीवरून तोडल्यावर त्याची गोडी वाढत नाहीं. म्हणून कच्चें फळ आणून चार दिवस ठेविल्यानें कांहीं साधत नाहीं. पारख तोडतांना किंवा विकत घेतांनाच केली पाहिजे. नदीच्या पात्रांतील मळईच्या जमिनी एकसाली बोलीनें देण्याचे कागद लिहिण्यांत माझ्या नोकरीचीं कांहीं वर्षें गेलीं. त्या निमित्तानें वाळूंत कलिंगडाच्या वाड्या करणाऱ्या लोकांची संगत घडली. ते लोक मुख्यतः चार खुणा पाहतात. पहिली, फळ ज्या बाजूनें जमिनीस टेकलेलें असतें तेथील डाग पांढरा असल्यास फळ कच्चें, व पिवळा झालेला असल्यास पक्व समजावें. दुसरी, फळाच्या देठाजवळचा वेलीचा तणावा वाळलेला असावा. ही खूण शेतांतच पाहावयास मिळते. तिसरी, बोटानें ठोकलें असतां कच्चें फळ टणटण वाजतें व पिकलेल्याचा आवाज दबका येतो. चौथी, पक्व फळाच्या सालीवरील तकाकी कमी झालेली असते. याखेरीज सारख्या आकाराच्या दोन फळांपैकीं जें हातास जड लागेल तें घ्यावें.

फळ किती मोठें घ्यावें याचाहि हिशेब आहे. सालीसकट जें वजन भरतें त्यापैकीं खाण्यालायक गर निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत निघतो. कापलेलें फळ त्याच दिवशीं संपविणें उत्तम. म्हणून चार-पांच माणसांच्या घरास शुगर बेबीसारख्या जातीचें तीन ते पांच किलोंचें काळपट हिरवें फळ पुरें होतें. घर मोठें असेल तर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनें काढलेल्या अर्का माणिकसारख्या जातीचें मोठें फळ आणावें. स्वस्त मिळालें म्हणून दोन माणसांनीं दहा किलोंचें फळ आणून तें तीन दिवस खात बसणें, यांत काटकसर नाहीं.

आणखी एक सूचना. उन्हाळ्यांत ज्या खोलींत आंब्याची आढी घातलेली असते, तेथेंच कोपऱ्यांत कलिंगडें ठेवण्याची पुष्कळ घरीं वहिवाट आहे. पिकणाऱ्या आंब्यांतून इथिलीन नांवाचा वायु निघतो. त्यानें आंबा पिकतो, परंतु कलिंगडाचा गर मऊ पडून पिठूळ होतो. यास्तव दोहोंची जागा निराळी असावी.

धुणें व हत्यार:— कलिंगड मातींत, शेणखताच्या सान्निध्यांत वाढतें. गाडींतून, बाजारांतून, अनेकांच्या हातांतून घरीं येतें. साल आपण खात नाहीं, मग ती धुवावी कशास, असें पुष्कळांस वाटतें. परंतु सुरी सालींतूनच आंत जाते, व सालीवर असेल तें सर्व गरापर्यंत नेऊन पोंचविते. म्हणून फळ कापण्यापूर्वीं वाहत्या स्वच्छ पाण्याखालीं काथ्यानें किंवा मऊ ब्रशानें चोळून धुवावें व कोरड्या फडक्यानें पुसावें. साबण लावण्याचें कारण नाहीं. हात, सुरी व पाट हेंहि धुतलेलें असावें. ज्या सुरीनें मटण किंवा मासळी चिरली ती तशीच वापरूं नये.

फळ गार करण्यासाठीं तें विहिरींत सोडण्याची जुनी चाल आहे. भेग पडलेल्या फळास ती कधींहि योजूं नये, कारण विहिरीचें पाणी भेगेंतून आंत शिरतें. त्यापेक्षां ओलें फडकें गुंडाळून, वारा लागेल अशा सांवलीच्या जागीं तीन-चार तास ठेवावें. माठांतील पाणी ज्या कारणानें गार होतें, त्याच कारणानें फळहि गार होतें.

हत्याराविषयीं बोलावयाचें तर एरवींच्या चिरण्यास विळीसारखें साधन नाहीं. परंतु पांच किलोंचें वाटोळें फळ दोन्ही हातांनीं उभ्या पात्यावर लोटणें धोक्याचें आहे. फळ घसरतें व हात पात्यावर येतो. मोठें फळ लांब पात्याच्या धारदार सुरीनें, खालीं ओलें फडकें अंथरलेल्या पाटावर कापावें. बोथट सुरीस जोर अधिक लागतो, आणि अपघात जोरानेंच होतात.

कापण्याची रीत:— आतां मुख्य विषयाकडे वळूं. कलिंगडाचा गर सगळीकडे सारखा गोड नसतो. अगदीं मधला भाग, ज्यास कोणी गाभा म्हणतात, तो सर्वांत गोड. तेथून सालीकडे जावें तसतशी गोडी उतरत जाते. बिया गाभ्यांत बहुधा नसतात. त्या गाभा व साल यांच्या मधल्या पट्ट्यांत ओळीनें बसलेल्या असतात. म्हणजे गोड तेंच बिनबियांचें, अशी ही रचना आहे. त्यामुळें सुरी कोणत्या दिशेनें चालवावी, हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाहीं.

पुष्कळ लोक फळ आडवें कापून वाटोळ्या चकत्या पाडतात. दिसावयास त्या सुरेख दिसतात. परंतु मधल्या दोन-तीन चकत्यांत सगळा गाभा येतो, व देठाकडील आणि फुलाकडील चकत्यांत बहुतेक पांढरा भागच राहतो. याउलट, फळ देठापासून फुलाच्या टोंकापर्यंत उभें चिरलें, तर प्रत्येक फांकेस गाभ्याचा एक कांठ, मधला पट्टा व सालीकडील गर, असें तिन्ही प्रकारचें थोडथोडें मिळतें.

कृति अशी. प्रथम देठाकडील व फुलाकडील टोंकांच्या पातळ चकत्या उडवून टाकाव्या. एका सपाट टोंकावर फळ उभें करावें. म्हणजे तें हलत नाहीं. मग वरून खालीं बरोबर मधून सुरी चालवून दोन सारखीं अर्धें करावीं. प्रत्येक अर्ध सपाट बाजूवर पालथें घालून हव्या तितक्या उभ्या फांका कराव्या. घरांत सहा माणसें असल्यास प्रत्येक अर्धाच्या तीन, आठ असल्यास चार, दहा असल्यास पांच. विषम संख्या असली तर एक फांक अधिक करावी; ती शेजारीं द्यावी किंवा गड्यास द्यावी, वायां जात नाहीं. फोडी करावयाच्या असल्यास त्या प्रत्येक फांकेच्या निरनिराळ्या कराव्या. सर्व फोडी एका परातींत ओतूं नयेत. परातींत ओतल्या कीं ज्याचा हात लांब त्यास गाभा, व जो मागाहून येईल त्यास उरलेलें, असें होतें.

वांटणीचा न्याय:— महसूल खात्यांत काम केलेल्या माणसास हें पाहून जमिनीच्या वांटपाची आठवण होणें साहजिक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 याच्या 85 व्या कलमाखालीं खातेफोडीचीं प्रकरणें चालतात. त्यांत नुसतें क्षेत्र समान करून भागत नाहीं. एकास विहिरीजवळची काळी व दुसऱ्यास टेंकडावरील बरड दिली, तर आकडा जुळला तरी न्याय जुळत नाहीं. म्हणून वांटप सरस-निरस मानानें करावयाचें असतें. म्हणजे चांगल्यांत सर्वांचा भाग व वाईटांतहि सर्वांचा भाग. उभी फांक म्हणजे कलिंगडाची सरस-निरस वांटणी होय.

हें विनोदानें लिहिलेलें नाहीं. एका गांवीं दोन भावांचें खातेफोडीचें प्रकरण चाललें होतें. घर सुखवस्तु, जमीन नदीकांठची, दरसाल कलिंगडाची वाडी होत असे. क्षेत्राविषयीं वाद फारसा नव्हता. तरी धाकटी पाती वेगळें निघण्याचा हट्ट सोडीना. चावडींत समजूत घालण्याचें बोलणें चाललें असतां धाकट्याची बायको पदर सांवरून एवढेंच म्हणाली, “दादा, वाडी आमच्या कष्टाची, पण माझ्या पोरांनीं मधला गर कधीं खाल्ला नाहीं.” चावडींत कोणी कांहीं बोललें नाहीं. थोरला भाऊ माणूस वाईट नव्हता. आपल्या घरांत असें होतें हें त्यास बहुधा ठाऊकहि नसावें, कारण ताटांत आलेलें फळ कोणाच्या वांट्यांतून आलें हें तो कधीं पाहावयास गेला नव्हता. पुढें खातें फुटलें. कलिंगडामुळें फुटलें असें म्हणणें धाडसाचें होईल; परंतु वर्षानुवर्षें ताटांत जें वांटलें जातें तेंच अखेरीस सातबाऱ्यावर उतरतें, असें मला तेव्हांपासून वाटत आलें आहे.

आपल्या घरांत सर्वसाधारण क्रम असा असतो: मधला गर पाहुण्यांस व कर्त्या पुरुषास, मग मुलग्यांस, मग मुलींस, आणि जिनें फळ धुतलें, कापलें, वांटलें, ती शेवटीं पाटाशीं बसून सालीस लागलेला गर खरवडून खाते. तिला कोणी ‘तूं खाऊं नकोस’ असें म्हटलेलें नसतें. परंतु तिच्यासाठीं फांक काढून ठेवावी हेंहि कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ज्या घरच्या बायकांनीं त्या वाडीचें खुरपण केलें, पहाटे उठून फळें वेंचलीं, त्याच घरांत असें व्हावें हें शोभत नाहीं.

यावर उपाय सोपा आहे व तो जुनाच आहे. भावाभावांच्या वांटणींत थोरल्यानें वांटे करावे व धाकट्यानें आधीं उचलावा, अशी रीत पुष्कळ ठिकाणीं पाळलेली मीं पाहिली आहे. वांटे करणाऱ्यास शेवटचा वांटा मिळावयाचा असला, म्हणजे त्याचा हात आपोआप सरळ चालतो. हीच रीत कलिंगडास लावावी. घरच्या कर्त्या पुरुषानें सुरी हातीं घ्यावी, सर्व फांका एकाच ताटांत मांडाव्या, आधीं मुलांनीं, मग घरच्या स्त्रियांनीं उचलाव्या, आणि उरलेली फांक आपण घ्यावी. निवृत्त झाल्यापासून आमचे घरीं हें काम मजकडे आहे. त्यांत कमीपणा वाटण्यासारखें कांहीं आढळलें नाहीं. उलट फांका पूर्वींपेक्षां सारख्या पडतात.

समान वांटणीस दोन अपवाद न्याय्य आहेत. अगदीं लहान मूल व दांत गेलेलें वृद्ध माणूस, यांस गाभ्याचाच भाग द्यावा, कारण त्यांत बिया नसतात. पांच वर्षांखालील मुलांस मोठे तुकडे देऊं नयेत; बिया काढून, बारीक फोडी करून, बसवून खाऊं घालावें, म्हणजे घशांत अडकण्याचें भय राहत नाहीं. मधुमेह असणाऱ्यानें एखादी बेताची फांक खावी, रस काढून पिऊं नये; मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यानें किती खावें हें डॉक्टरांस विचारून ठरवावें.

कापलेलें फळ किती वेळ ठेवावें:— लिंबू, चिंच यांचा आंबटपणा जंतूंस वाढूं देत नाहीं. कलिंगडांत तसा आंबटपणा नाहीं. म्हणून कापल्यावर तें लवकर बिघडतें, आणि बिघडल्याचा वास येण्यापूर्वींच अपायकारक झालेलें असूं शकतें. कापलेलें फळ बाहेर दोन तासांपेक्षां अधिक ठेवूं नये. हवा 32 अंश सेल्सियसच्या वर असेल, व आपल्याकडे चैत्र-वैशाखांत ती असतेच, तर एक तासापेक्षां अधिक नको. फ्रीज असल्यास झांकणाच्या डब्यांत घालून ठेवावें व तीन दिवसांच्या आंत संपवावें. ज्या गांवीं वीज तासन् तास जाते तेथें फ्रीजवर विसंबूं नये. त्याच दिवशीं खाऊन मोकळें व्हावें. अर्धें फळ नुसतें पालथें घालून ठेविल्यानें माशी बसत नाहीं एवढेंच. जंतु वाढावयाचे राहत नाहींत. अमेरिकेसारख्या देशांत, जेथें शीतगृहांची सोय मुबलक आहे, तेथेंहि 2018 व 2019 सालीं कापून डब्यांत भरलेल्या कलिंगड-खरबुजांमुळें साल्मोनेला जंतूची बाधा अनेक राज्यांतील लोकांस झाली. मग जत्रेंत दुपारभर उघड्यावर, बर्फाच्या लादीवर मांडलेल्या फांकांची कथा काय सांगावी?

कलिंगडावर पाणी प्याल्यास पटकी होते, असें जुनीं माणसें सांगत. पटकीचा जंतु डॉ. रॉबर्ट कॉख यांनीं 1884 सालीं कलकत्त्यास शोधून काढला, व तो दूषित पाण्यांतून आणि अन्नांतून पसरतो हें आतां सर्वश्रुत आहे. पाणी व कलिंगड यांचें वैर नाहीं. फळच मुळीं बहुतांशीं पाणी आहे. परंतु उन्हाळ्यांत आटलेल्या विहिरीचें गढूळ पाणी व उघड्यावरील शिळी फांक यांची गांठ पडली म्हणजे अनर्थ होत असे, व दोष जोडीवर येत असे. समजुतींतील कारण चुकीचें असलें तरी त्यामागील भीति अगदींच निराधार नव्हती. पाणी स्वच्छ व फळ ताजें असावें, हा त्यांतील घेण्यासारखा बोध होय.

साल व बिया:— गर खाल्ल्यावर जें उरतें तें वजनानें तिसऱ्या हिश्शापेक्षां कमी नसतें. वरची हिरवी साल पातळ सोलून काढली कीं आंतील पांढरा भाग दुधी भोपळ्याप्रमाणें उपयोगी पडतो. मात्र त्यासाठीं फांकेस तोंड लावण्यापूर्वींच तो निराळा कापून ठेवावा. बारीक फोडी करून, मोहरी, हिंग व हिरव्या मिरचीच्या फोडणीवर भिजविलेली हरभऱ्याची डाळ घालून भाजी करावी. वर ओलें खोबरें घालावें. किसून थालिपिठांत घालतां येतो. दोन वाट्या तांदूळ चार-पांच तास भिजवून, त्यांत दोन वाट्या पांढरा भाग, पाव वाटी ओलें खोबरें व चवीपुरतें मीठ घालून वाटावें व तव्यावर जाडसर घावन घालावें. वाटतांना पाणी जवळ जवळ घालूं नये. फळाचें अंगचें पाणी पुरतें. मुलें हे घावन गुळाशीं आवडीनें खातात.

हिरव्या साली गुरांस द्याव्या, परंतु बारीक तुकडे करून व कोरड्या वैरणींत मिसळून. मोठा तुकडा घशांत अडकतो. बुरशी आलेली साल देऊं नये, ती उकिरड्यांत टाकावी. बिया धुवून सांवलींत वाळवाव्या. त्या भाजून खातां येतात, व सोलून निघणारा मगज थंडाईंत व मिठाईंत घालतात.

बियाण्यासाठीं बिया ठेवणाऱ्यांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. संकरित जातीच्या फळाची बी पेरल्यास पुढील पीक मूळ फळासारखें येत नाहीं. सुधारित सरळ वाणाचीच बी धरावी. आणि बी धरावयाची ती उत्तम फळाची धरावी. गोव्याचे माजी मुख्यमंत्री कै. मनोहर पर्रीकर आपल्या पर्रा गांवची हकीकत सांगत असत. तेथील एक शेतकरी आपल्या शेतांतील उत्तम, मोठीं कलिंगडें गांवच्या मुलांस पोटभर फुकट खाऊं घालीत असे. अट एवढीच कीं बिया चावूं नयेत, त्या काढून द्याव्या. त्याच बिया तो पेरीत असे. पुढें त्याच्या मुलानें मोठीं फळें बाजारांत विकून लहान फळें मुलांस देण्यास आरंभ केला, आणि कांहीं वर्षांत पर्ऱ्याच्या कलिंगडाचा लौकिक ओसरला. चांगलें तें सर्व बाजारास व फुटकें तें घरास, ही चाल आपणांपैकीं पुष्कळांची आहे. पैशाची निकड कोणास नाहीं? तरीहि हंगामांत निदान पांच-दहा निवडक फळें घरीं कापावीं. बियाणें सुधारेल, आणि आपण काय पिकवितों हें आपल्या मुलांस कळेल.

तात्पर्य, फळ पक्व पाहून घ्यावें, धुवून कापावें, उभें कापावें, ताजें खावें, आणि सालींतील पांढरा भाग टाकूं नये. यांपैकीं एकाहि गोष्टीस खर्च नाहीं. राहतां राहिली वांटणी. तीस खर्च नाहीं, परंतु मन लागतें. येत्या हंगामांत पहिलें कलिंगड घरीं येईल तेव्हां वाचकांपैकीं कर्त्या पुरुषांनीं सुरी स्वतः हातीं घेऊन व शेवटची फांक उचलून पाहावी, अशी त्यांस नम्र विनंती आहे.